द्वारकेला अडकलेलं पॅकेट

नाशिकमध्ये उशिरा पोचणाऱ्या माणसाला फार डोकं चालवावं लागत नाही. 'द्वारकेला अडकलोय' एवढं फोनवर सांगितलं की काम भागतं. साखरपुडा असो, सोसायटीची मीटिंग असो, नाहीतर सासरेबुवांना स्टेशनवरून आणायचं असो, या दोन शब्दांपुढे समोरच्याचं काही चालत नाही. हा गृहस्थ अजून घरात बनियनवर बसून चहा पितोय, अशी त्याला दाट शंका असते. पण खात्री करून घ्यायची तर द्वारकेला जावं लागेल, आणि मग तोही अडकेल. शिवाय परवाच त्याने हेच कारण दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलेलं असतं. त्यामुळे तो निमूटपणे 'या सावकाश' म्हणतो.

आमच्या घरातल्या पुढच्या पिढीला तर चौकापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. ती पलंगावर बसल्या बसल्या अडकते. त्याला लॅग म्हणतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि मग सोडायला तयार होत नाहीत, तो हा नाशिकचा चौक. एका अंगाला मुंबई नाका, दुसऱ्या अंगाला कन्नमवार पूल, तिसरीकडे काठे गल्ली ओलांडून नाशिकरोड आणि उरलेल्या वाटांनी जुनं नाशिक. या सगळ्यांना एकाच वेळी एकमेकांकडे जायचं असतं. २०१३ साली डोक्यावरून लांबलचक उड्डाणपूल झाला, तेव्हा आता सुटलो असं वाटलं होतं. पण सुटले ते धुळ्याला जाणारे. नाशिकरोडला जाणारा पुलाच्या सावलीत उभा राहिला, एवढाच काय तो फरक पडला. पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्गही काढला होता. नाशिककर त्यात उतरला नाही. तो एक हात पुढे करून वाहनांमधून रस्ता ओलांडतो. त्या हाताने ट्रक थांबतो, अशी त्याची श्रद्धा आहे. सर्कल लहान करा, सर्कल काढा, सिग्नल लावा, सिग्नल बंद करा, असे उपाय दर काही महिन्यांनी पेपरात येतात. आणि पेपर टाकणारा मुलगा तो पेपर उशिरा टाकतो. त्याला कारण विचारायची सोय नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि शिकायला आमच्याकडे राहतो. लॅपटॉपवर तो व्हॅलोरंट खेळतो, फोनवर बीजीएमआय. दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे खेळ. रात्रीचं जेवण झालं की खोलीचं दार बंद होतं आणि आतून आवाज सुरू होतात. 'मागून आला, मागून आला! अरे मी पडलोय, उचल मला! लूट नंतर कर रे, आधी मला उचल!' एकदा शेजारच्या काकू दार वाजवून सगळं ठीक आहे ना, विचारून गेल्या. याची फौज चार जणांची. एक मालेगावचा, एक इचलकरंजीचा, एक दुबईत कामाला असलेला कुणाचा तरी चुलतभाऊ, आणि हा. हे चौघे कधी प्रत्यक्ष भेटलेले नाहीत. पण कुणाच्या भागात वीज कधी जाते, कुणाचे वडील रात्री राउटरचं बटण बंद करून झोपतात, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे प्रत्येकाला पाठ आहे. मालेगावच्या कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे बायको सवयीने गॅसकडे बघते.

हरल्यावर दार उघडतं आणि एकच शब्द बाहेर येतो. 'लॅग!' जिंकल्यावर या शब्दाचा उल्लेखही होत नाही. जिंकलेल्या रात्री नेट कसं होतं हे मी मुद्दाम विचारून पाहिलं. 'नेटचा काय संबंध?' असं उत्तर आलं.

या लॅगचं मोजमाप म्हणजे पिंग. आपल्या यंत्राने मारलेली हाक सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. तो पडद्याच्या कोपऱ्यात मिलिसेकंदांत दिसत राहतो. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत माइक म्यूस नावाच्या माणसाने, नेटवर्क कुठे बिघडलंय हे शोधण्यासाठी, एका संध्याकाळी हा छोटासा प्रोग्रॅम लिहून टाकला. ते बिघाड शोधायचं साधन होतं. आता ते भाच्याची नाडी आहे. ३० असला तर तो प्रसन्न असतो, ६० ला चालवून घेतो, १०० च्या पुढे खुर्चीत ताठ होतो, आणि २०० झाला की जेवायला बोलावलं तरी ऐकू येत नाही.

हे मिलिसेकंद आमच्या अण्णांना काही केल्या पटेनात. अण्णा म्हणजे माझे वडील, भाच्याचे आजोबा. त्यांचा हिशेब पंचांगाचा. घटका म्हणजे २४ मिनिटं. तिचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. पळाचा साठावा भाग विपळ. कागदावर भागाकार करून त्यांनी विपळाचे ४०० मिलिसेकंद काढले आणि चष्मा वर करून भाच्याकडे पाहिलं. 'म्हणजे तू अर्ध्या विपळासाठी एवढा आरडाओरडा करतोस?'

'आजोबा, अर्ध्या विपळात माणूस मरतो.'

यात भाच्याची बाजू खरी आहे. डोळ्याला काही दिसलं आणि बोटाने बटण दाबलं, यात निरोगी तरुण माणसाचे साधारण २०० मिलिसेकंद जातात. तेवढाच वेळ नेटने आणखी खाल्ला तर समोरच्याने गोळी झाडून, बंदूक पुन्हा भरून, पुढचं घर गाठलेलं असतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाचा हिशेब मांडतो. अण्णांचा काळ वेगळा होता. त्यांच्या तरुणपणी परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडायचे आणि वीज कोसळायची वाट बघत माणूस फोनशेजारी बसून राहायचा. फक्त त्या वेळी त्याच्यावर कुणी गोळ्या झाडत नसे.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई, रस्त्याने धरलं तरी, पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. म्हणजे जायला एक मिलिसेकंद आणि यायला एक, कसाऱ्याचा घाट धरून. केबल थोडी वळसे घेत जाते, वाटेतलं प्रत्येक यंत्र आपला वाटा काढून घेतं, हे सगळं उदार मनाने मान्य केलं तरी हिशेब वीस-तीसला पुरा व्हायला हवा. रात्री नऊला भाच्याच्या पडद्यावर १८० दिसतात. मग वरचे दीडशे कुठे गेले?

ते आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असतात. मुंबईपर्यंतचा रस्ता मोकळाच आहे. गर्दी आहे ती आमच्या दाराशी.

आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. तो घेतला तेव्हा आता गेम पळेल, असं सगळ्यांनी मला सांगितलं. पण एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. द्वारकेला राहणाऱ्या माणसाला रुंदीचं कौतुक सांगू नये. चौपदरी झालं, सहापदरी झालं, वर पूलही झाला, तरी चौकात शिरायला किती वेळ लागेल हा प्रश्न शिल्लकच आहे. गेमचं पॅकेट म्हणजे स्कूटरवरून डबा द्यायला निघालेला मुलगा. सामान थोडं, घाई फार. तो आमच्या राउटरपाशी येतो तेव्हा त्याच्यापुढे बायकोच्या फोनमधल्या पुतणीच्या बारशाचे फोटो कंटेनर भरभरून क्लाउडकडे निघालेले असतात. शेजारून माझ्या ऑफिसच्या फाइली. मागून सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, जो रात्रभर एका रिकाम्या खुर्चीचं चित्रीकरण कुठल्या तरी दूरदेशी पाठवत असतो. वॉचमन त्या खुर्चीत का नसतो, हा वेगळा विषय आहे.

या रांगेचं दुखणं एका माणसाने स्वतःच्या घरातच ओळखलं. जिम गेटीस हा अमेरिकेतला जुना जाणता संगणकतज्ज्ञ. २०१० च्या सुमारास घरून मोठ्या फाइली पाठवताना घरचं बाकीचं नेट लुळं पडतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो खोलात शिरला. मेमरी स्वस्त झाली, म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी आत भलीमोठी प्रतीक्षागृहं बांधून ठेवली होती. कुणालाही परत पाठवायचं नाही, येईल त्याला रांगेत घ्यायचं, असं त्यांचं उदार धोरण. परिणामी एकही पॅकेट हरवत नाही आणि एकही वेळेवर पोचत नाही. गेटीसने या आजाराला बफरब्लोट म्हटलं. त्यावरचा एक उतारा कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये काढला. रांगेत उभं राहण्याचा वेळ सतत पाच मिलिसेकंदांवर जायला लागला, की रांगेतली काही पॅकेटं सरळ टाकून द्यायची. पाठवणारा समजायचं ते समजतो आणि हात आखडता घेतो. हा उपाय द्वारकेला लागू करावा असं मी एका बैठकीत सुचवलं होतं. रिक्षावाल्यांच्या प्रतिनिधीने 'टाकून म्हणजे कुठे?' असं विचारलं आणि विषय पुढे ढकलला गेला.

या जेकबसनची आधीची एक गोष्ट तर प्रत्येक नाशिककराने पाठ करावी अशी आहे. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड, म्हणजे आमच्या फाटकापासून चौकापर्यंत. त्यांच्यातलं नेट सेकंदाला ३२,००० बिट चालायचं, ते एक दिवस ४० बिटांवर आलं. सेकंदाला पाच रोमन अक्षरं. काही तुटलेलं नव्हतं, कुणी काही खणलेलं नव्हतं. झालं होतं एवढंच, की पोच मिळाली नाही म्हणून प्रत्येक यंत्र तोच निरोप पुन्हा पाठवत होतं, त्यामुळे गर्दी वाढत होती, गर्दीमुळे पोच मिळत नव्हती, म्हणून पुन्हा पाठवत होतं. आमच्याकडे याच प्रकाराला हॉर्न म्हणतात. जेकबसनने यंत्रांना सबुरी शिकवली: आधी थोडं पाठवा, पोच आली तर वाढवा, नाही आली तर निम्म्यावर या. १९८८ मध्ये त्याने हे लिहून काढलं आणि आजचं इंटरनेट त्याच शिस्तीच्या पायावर उभं आहे. यंत्रांनी ऐकलं. माणसांसाठी असं काही लिहिल्याचं ऐकिवात नाही.

बाकीचे गुन्हेगार किरकोळ आहेत. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि मायक्रोवेव्हही त्याच्याच आसपास गुणगुणतो, त्यामुळे अण्णांचं दूध गरम होईपर्यंत भाचा एका जागी पळत राहतो. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीतल्या वायफायची यादी काढली तर 'जय मल्हार', 'पासवर्ड मागू नये' आणि 'बी-४०३ चं चोरू नका' हे तिघेही सहावरच ठाण मांडून आहेत. सगळ्यांकडे एकच माणूस राउटर बसवून गेला असणार.

त्याच्या पलीकडे मग नेटवाला. आमच्या नेटवाल्याच्या फायबर केबली दिव्याच्या खांबावरून गुलमोहरावर, गुलमोहरावरून गच्चीच्या पाइपावर अशा जातात. २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यापासून शहरात रस्त्यांची कामं जोरात आहेत, त्यामुळे जमिनीखालच्यांचंही काही खरं नाही. केबल तुटली की घरातल्या डबीवर लाल दिवा लुकलुकतो. फोन केला की तिकडून पहिला प्रश्न येतो, 'राउटर बंद करून चालू केला का?' केला. 'दहा सेकंद थांबला होता का?' थांबलो होतो. 'पुन्हा एकदा करून बघा.' हे आपण देवाला प्रदक्षिणा घालाव्यात तसं मुकाट्याने करतो. पाठवलेला मुलगा मात्र कारागीर असतो. केसाइतके बारीक काचेचे दोन तंतू यंत्रात धरून तो त्यांची टोकं वितळवून जोडतो, आणि तेही जिन्यात उकिडवं बसून, खांद्याने कानाशी फोन दाबून, दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'पोचलोच, द्वारकेला आहे' सांगत. त्या वेळी तो आमच्या जिन्यात असतो हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी भाच्याने वायरचा आग्रह धरला. राउटरपासून खोलीपर्यंत सरळ लॅनची वायर. हॉलमधून वायर जाणार नाही, असं बायकोने जाहीर केलं. वाटाघाटी होऊन ती शोकेसच्या मागून, अण्णांच्या सत्काराच्या फोटोखालून आणि पडद्याच्या दांडीवरून गेली. पिंग बाराला आला. आकडा हिरवागार झाला. त्या रात्री ही मंडळी सणसणीत हरली, आणि मी दाराशी उभा राहून आता काय ऐकायला मिळतं याची वाट बघत होतो.

'समोरच्याला लॅग होता,' भाचा म्हणाला.

मला हसू आलं. पण चौकशी केली तेव्हा कळलं, की यात तथ्य आहे. २००१ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या याहन बर्नियर यांनी हा सगळा कारभार मांडून दाखवला होता. प्रत्येकाच्या पडद्यावरचं जग थोडं शिळं असतं. ज्याचं नेट हळू, त्याचं जास्त शिळं. मग त्याने नेम धरला तो माणूस एव्हाना तिथून निघून गेलेला असतो. तेव्हा सर्व्हर काय करतो, तर काळ मागे फिरवतो. गोळी झाडली त्या क्षणी झाडणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसत होतं ते तपासतो, आणि त्याला शत्रू दिसत होता हे खरं असेल तर गोळी लागली असं ठरवतो. इकडे शत्रू बिचारा भिंतीआड सुखरूप पोचलेला असतो आणि तिथेच धारातीर्थी पडतो. म्हणजे उशीर झालेल्याचं म्हणणं पुरावा म्हणून मान्य करणारं एक न्यायालय जगात आहे. 'साहेब, मी निघालो तेव्हा रस्ता मोकळा होता' असं सांगितल्यावर हजेरीपुस्तक उघडून कालची वेळ टाकणारा साहेब अजून तरी नाशिकच्या कुठल्या कचेरीत मला भेटलेला नाही.

लॅगचा खटला यापेक्षा वरच्या कोर्टातही चाललेला आहे, आणि त्यात आपल्या गावचा माणूस होता. २०२० साली कोरोनामुळे बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. २८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली आर्मेनियाशी. त्यांच्या हाइक मार्तिरोस्यानचा निहाल सरीनविरुद्धचा डाव चालू असताना संपर्क तुटला आणि तो वेळ संपून हरला. आमचं नेट उत्तम होतं, दोष आमच्याकडचा नाही, असं आर्मेनियाने कळवळून सांगितलं. अपील फेटाळलं गेलं. आर्मेनियाने त्या सामन्याची दुसरी फेरी खेळायलाच नकार दिला आणि भारत पुढे गेला.

दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, अंतिम सामना रशियाशी. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख, दोघांचाही संपर्क तुटला आणि दोघंही वेळ संपून हरले. आता कळवळायची पाळी आपली होती. पण या वेळी साक्षीदार मोठा होता. त्या दिवशी अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक कंपनीच्या जाळ्यात बिघाड होऊन जगभरच्या असंख्य साइट काही तास आडव्या पडल्या होत्या. भारताने अपील केलं, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही देशांना देऊन टाकलं. ऑलिम्पियाडच्या नावाचं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पुढे २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी समोरासमोर बसून सुवर्ण मिळवलं. एकात विदित होता, दुसऱ्यात दिव्या. तेव्हा नेटचा प्रश्न नव्हता. तरी मला २०२० चं पदक जास्त आपलंसं वाटतं. घरात एकट्याचं नेट गेलं तर तो बहाणा आणि जगाचं गेलं तर ते कारण, हा न्याय आर्मेनियाला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा होता. आम्ही द्वारकेचे लोक हे काम विनामोबदला केलं असतं.

त्या सुवर्णानंतर तीनच दिवसांनी, २ सप्टेंबरला, दिल्लीहून पब्जीसह ११८ ॲपवर बंदी आली. भाचा तेव्हा शाळेत होता. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, म्हणण्यानुसार घरात सुतक पाळलं गेलं. मग २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब झाला, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा उगवला. एवढा मोठा पिंग राउटर बंद-चालू करून कमी होत नाही.

हे ऑलिम्पियाडचं प्रकरण मी घरात सांगितलं ही गोष्ट महागात पडली, कारण अण्णा ते लक्षपूर्वक ऐकत होते. अण्णांचे एक मित्र नाशिकरोडला राहतात, नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. पूर्वी दोघे रविवारी एकमेकांकडे जाऊन बुद्धिबळ खेळायचे. पण मध्ये द्वारका. रिक्षाने पोचेपर्यंत दोघांनाही पहिल्या चालीचा उत्साह राहत नसे. म्हणून भाच्याने दोघांना लीचेस ही ऑनलाइन बुद्धिबळाची साइट लावून दिली. तिचा सर्व्हर फ्रान्समध्ये आहे. अण्णांनी आमच्या हॉलमध्ये प्यादं सरकवलं की ते समुद्राखालून युरोपात जातं, तिथून परत येतं आणि नाशिकरोडच्या गॅलरीत उतरतं, आणि हे सगळं पंचांगातल्या एका विपळात आटोपतं. हे ऐकून अण्णांनी फ्रान्सच्या दिशेने हात जोडले होते.

परवा अण्णांचा घोडा आणि वजीर मिळून मित्राच्या राजाला कोपऱ्यात घेऊन गेले होते. बऱ्याच महिन्यांत आला नव्हता असा योग. त्याच वेळी भाच्याच्या लॅपटॉपने गेमचं नवं अपडेट उतरवायला घेतलं, कित्येक जीबींचं. वायरीवरून त्याने सगळी रांगच अडवली. अण्णांच्या टॅबलेटवर एक गोल फिरत राहिला. मिनिटभराने पडदा जागा झाला तेव्हा त्यांची वेळ संपलेली होती आणि नाशिकरोडचा विजय झाला होता.

अण्णांनी भाच्याला हाक मारली. 'घे लिहून. प्रति, अध्यक्ष महोदय, जागतिक बुद्धिबळ महासंघ.'

'आजोबा, अहो हे त्यांच्याकडे नाही जात.'

'विदितचं गेलं होतं ना? मग? आपणही नाशिकचेच.'

भाच्याने मान खाली घालून लिहायला घेतलं. 'संपर्क तुटण्याचं कारण' इथवर मजकूर आला तेव्हा त्याचं बोट थांबलं. 'जागतिक बिघाड लिही,' अण्णा म्हणाले. भाच्याने कृतज्ञतेने तसं लिहिलं. अपील महासंघाऐवजी व्हॉट्सॲपवर नाशिकरोडला रवाना झालं, आणि तिथून तत्काळ उत्तर आलं. अपील फेटाळण्यात येत आहे, आर्मेनियाचा दाखला पाहावा. (ती गोष्ट अण्णांनीच आदल्या रविवारी फोनवर रंगवून सांगितली होती.)

आर्मेनियाने दुसरी फेरी खेळायला नकार दिला होता. अण्णांनीही दिला. तसं खणखणीत कळवायला म्हणून त्यांनी पुन्हा टॅबलेट उघडला. चष्मा कपाळावर होता, बोट रीमॅचच्या बटणावर पडलं. या वेळी पांढरे मोहरे नाशिकरोडकडे होते, आणि भाच्याला आतल्या खोलीत वायर काढून ठेवायला लावलं होतं.